बेल्ट वितळलेला ड्राइव्ह आणि दुसऱ्या कुणाच्या सेव्ह असलेल्या डिस्क: फॅमिकॉम डिस्क सिस्टीमचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही केस माझ्या ओळखीतल्या एका मुलीची आहे. तिला विचारूनच लिहितोय पण नाव देत नाही. ती गेम कन्सोल गोळा करत नाही, कन्सोलला जोडायच्या वस्तू गोळा करते. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलखाली बसणारी मेगा सीडी, वरून खोचायचा ३२एक्स, निन्टेन्डो ६४ च्या पुढच्या झाकणाखाली जाणारा ४ एमबीचा एक्सपान्शन पॅक असं बरंच काही तिच्याकडे आहे. या प्रकाराचा छंद जरा वेगळाच असतो कारण जोडणी एकटी काहीच करू शकत नाही, तिला तिचा कन्सोल लागतो, तोही ठरावीक मॉडेलचा, आणि मग वायर, अडॅप्टर, मध्ये बसवायचा प्लॅस्टिकचा तुकडा हे सगळं ओघाने आलंच. मेगा ड्राइव्ह, मेगा सीडी आणि ३२एक्स एकत्र चालवायचे तर तिघांना तीन वेगळे पॉवर अडॅप्टर लागतात, यावरून अंदाज घ्या.

तर तिने फॅमिकॉम डिस्क सिस्टीम घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फॅमिकॉम हा निन्टेन्डोचा कार्ट्रिजवर चालणारा गेम कन्सोल आणि ही त्याला डिस्कवरचे गेम चालवता यावेत म्हणून केलेली जोडणी. निन्टेन्डोने ही २१ फेब्रुवारी १९८६ ला जपानमध्ये १५,००० येनला काढली आणि ती जपानबाहेर कधीच विकली नाही. तिचे दोन भाग असतात, एक लाल-काळा डिस्क ड्राइव्ह जो कन्सोलखाली ठेवतात आणि दुसरा रॅम अडॅप्टर जो कार्ट्रिजच्या जागी खोचतात. दोघांमध्ये एक केबल. डिस्क म्हणजे मित्सुमीच्या क्विक डिस्कवरून केलेली छोटी मॅग्नेटिक डिस्क, दोन्ही बाजू धरून साधारण ११२ केबी, आणि बाजू बदलायची तर काढून हाताने उलटी करायची. त्या काळात हा प्रकार भारी होता कारण गेम डिस्कवरच सेव्ह व्हायचा आणि दुकानातल्या डिस्क रायटर मशीनवर जुनी डिस्क देऊन ५०० येनमध्ये तिच्यावर नवा गेम लिहून मिळायचा. दुकानांतली मशीन आधीच गेली, पण निन्टेन्डोकडून डिस्क लिहून घ्यायची सोय २००३ पर्यंत चालू होती.

तिच्याकडे कन्सोल म्हणून १९९३ चा एव्ही फॅमिकॉम होता, त्यामुळे चित्राचा त्रास नव्हता. मूळचा फॅमिकॉम फक्त आरएफ, म्हणजे टीव्हीच्या अँटेनावाला सिग्नल देतो आणि तोही जपानी चॅनेलवर, त्यामुळे जपानबाहेरच्या टीव्हीवर तो पकडताना लोक रडकुंडीला येतात. ड्राइव्ह, रॅम अडॅप्टर आणि एक खोकं भरून डिस्क असा लॉट तिने एकत्र घेतला. विकणाऱ्याने स्पष्ट लिहिलं होतं की काहीच टेस्ट केलेलं नाही.

प्रॉब्लेम नेमका काय होता

दिसायला प्रॉब्लेम एकच होता, ड्राइव्ह चालत नव्हता. डिस्क सिस्टीमच्या ड्राइव्हमध्ये मोटरची गती स्पिंडलपर्यंत, म्हणजे डिस्क फिरवणाऱ्या मधल्या भागापर्यंत पोचवायला एक रबरी बेल्ट असतो आणि मूळ बेल्टचं रबर इतक्या वर्षांत डांबरासारखं चिकट होऊन वितळतं. न उघडलेला ड्राइव्ह हातात आला की आत हेच असणार असं धरूनच चालायचं.

पण मी तिच्याकडून डिस्कचे फोटो मागवले तेव्हा लक्षात आलं की खरा प्रश्न ड्राइव्हचा नाहीच, डिस्कचा आहे. नेहमीच्या पिवळ्या डिस्कला शटर नसतं. निळ्या डिस्कला असतं, पण पिवळ्यांची मॅग्नेटिक पट्टी खिडकीतून सरळ उघडी दिसते, तिच्यावर बोटांचे ठसे बसतात, धूळ बसते आणि ओलसर जागेत ठेवल्या असतील तर बुरशी धरते. तिच्या खोक्यातल्या काही डिस्कवर पांढरट ठिपके अगदी साफ दिसत होते. शिवाय एक मेट्रॉइडची डिस्क होती जिच्या लेबलवर कुणीतरी पेनाने नाव लिहिलेलं होतं, आणि झेल्डाची एक जिच्या मेणकागदी पाकिटात पेन्सिलने काढलेला नकाशा घडी करून ठेवला होता.

आता हे गेम म्हणून बघितले तर दोन्ही कुठेही मिळतील, त्यात दुर्मिळ काहीच नाही. पण त्या डिस्कवर त्या मुलाचे किंवा मुलीचे सेव्ह असणार, आणि ते जगात फक्त त्या एका डिस्कवर आहेत. डिस्क सिस्टीमला सेव्हसाठी बॅटरी लागत नाही, कार्ट्रिजसारखी बॅटरी मेली म्हणून सेव्ह गेला असं इथे होत नाही, त्यामुळे तो अजून शाबूत असायची शक्यता चांगली होती. आणि तो घालवायला एक निष्काळजी लोड पुरेसा होता.

तिचा पहिला मेसेज होता, "दादा, बेल्ट बदलला की आधी झेल्डाच लावून बघू ना?" मी म्हटलं, "झेल्डा सगळ्यात शेवटी."

कोणकोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे ड्राइव्हला हातच लावायचा नाही, तो शेल्फवर ठेवायचा आणि त्याच्या जागी एफडीएसस्टिक लावायची. ही छोटी वस्तू रॅम अडॅप्टरच्या केबलला ड्राइव्हच्या जागी जोडतात आणि ती डिस्कच्या इमेज फाईली, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब कॉप्या, कन्सोलला अशा देते की त्याला वाटतं खरा ड्राइव्हच जोडलाय. बरेच लोक हेच करतात आणि खेळायला यात काही कमी पडत नाही. कारण ३२ केबीची रॅम, ग्राफिक्सची ८ केबी आणि तो जास्तीचा वेव्ह साउंड चॅनेल, हे सगळं रॅम अडॅप्टरमध्ये असतं. ड्राइव्ह फक्त डेटा पुरवतो. झेल्डाच्या टायटलवरचा तो घंटेसारखा आवाज ड्राइव्ह नसला तरी तसाच येतो.

दुसरा पर्याय फ्लॅश कार्ट्रिजचा, म्हणजे गेमच्या फाईली भरून सरळ कन्सोलमध्ये खोचायचं कार्ट्रिज, मग रॅम अडॅप्टरही नको. तिने तो लगेच बाजूला ठेवला आणि मला ते पटलं, जोडण्या गोळा करणाऱ्या माणसाने जोडणीच काढून टाकायची तर मग उरलं काय.

तिसरा, दुरुस्त केलेला ड्राइव्ह विकत घ्यायचा. चौथा, आहे तोच ड्राइव्ह स्वतः दुरुस्त करायचा. ड्राइव्ह आणि कन्सोल एकातच असलेला शार्पचा ट्विन फॅमिकॉम घे असंही तिला कुणीतरी सुचवलं होतं, पण त्यातही बेल्ट आहेच, म्हणजे प्रश्न तोच आणि वर आणखी एक कन्सोल.

इथे माझं मत मी तिला सरळ सांगितलं होतं. एफडीएसस्टिक खेळायला उत्तम आहे पण तिच्याकडच्या डिस्कवर काय आहे ते ती एकटी वाचू शकत नाही, ते फक्त चालू ड्राइव्हच वाचू शकतो. म्हणजे आजच्या घडीला ड्राइव्हचं खरं काम गेम चालवणं नाही, डिस्क वाचून तिची कॉपी काढणं हे आहे. एकदा हे मान्य केलं की ड्राइव्ह चालू करायलाच हवा हे ठरतं, प्रश्न इतकाच उरतो की तो कुणी करायचा आणि कुठल्या क्रमाने.

तिने एफडीएसस्टिक आणि स्वतः दुरुस्ती असं दोन्ही धरायचं ठरवलं. दुरुस्त ड्राइव्ह विकत न घेण्याचं तिचं कारण असं की आत काय कसं चालतं ते तिला बघायचंच होतं. हे कारण मला पूर्ण मान्य आहे, पण या निर्णयाची एक किंमत होती, ती पुढे येईलच.

काय केलं

आधी पॉवर. लॉटमध्ये ड्राइव्हचा अडॅप्टर नव्हता. मूळ अडॅप्टर जपानच्या १०० व्होल्टचा असतो आणि २३० च्या प्लगमध्ये घातला तर तो संपलाच. बाहेरचा दुसरा अडॅप्टर लावायचा तर ९ व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह हे दोन्ही जुळायला हवं, आणि हल्लीचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे, मधली पिन पॉझिटिव्हवाले असतात. तिने यातलं काहीच केलं नाही. या ड्राइव्हमध्ये सहा सी साइझचे सेल बसतात, तिने नवे अल्कलाइन सेल घातले, सहा गुणिले दीड म्हणजे नऊ व्होल्ट, विषय संपला. मला हा निर्णय फार आवडला कारण पुढे काहीही बिघडलं तरी पॉवरवर संशय घ्यायची गरज उरली नाही.

डिस्क न घालता सुरू केलं तर निन्टेन्डोची स्क्रीन आली, मारिओ आणि लुइजी दिवे चालू-बंद करत पळत होते, म्हणजे रॅम अडॅप्टर ठीक. मग एक महजाँगची डिस्क घातली, ज्यात सेव्ह नाही आणि जी गेली तरी कुणी हळहळणार नाही. मोटरचा आवाज आला, स्क्रीनवर लोडिंगचा मेसेज आला आणि तिथेच अडकला. बेल्ट.

ड्राइव्ह उघडल्यावर अपेक्षेप्रमाणे पुलीभोवती काळा चिकट थर होता, काही थेंब खाली पत्र्यावर पडलेले. ही सफाई घाईत करायची नाही, कारण तो काळा चिकटा हेडला, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागाला, किंवा हेड सरकतं त्या दांड्याला लागला तर पुढची प्रत्येक डिस्क तो खराब करणार. कापसाचे बोळे, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि वेळ. तिने हे नीट केलं. पण सफाई सोपी जावी म्हणून तिने स्पिंडलचा छोटा स्क्रू सैल करून तो काढला, आणि तो आधी कुठल्या कोनात होता याची खूण केली नाही.

इथे जरा थांबून सांगतो कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. या डिस्कवर फ्लॉपीसारखे एकात एक गोल ट्रॅक नसतात, एकच लांब ट्रॅक आतपर्यंत गोल गोल जातो, आणि हेड सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात सहा-सात सेकंदांत सगळी बाजू वाचतं, मग खटकन मागे येतं. हवी ती फाईल उचलायला मध्येच उडी मारायची सोय नाही. त्यामुळे हेड जिथून सुरुवात करतं त्या क्षणी डिस्क कुठल्या कोनात आहे याला महत्त्व येतं, आणि तो कोन स्पिंडलच्या त्या स्क्रूने ठरतो. कोन चुकला की हेड ट्रॅकच्या सुरुवातीला पोचतच नाही किंवा सुरुवात हुकवतं.

नवा बेल्ट बसवल्यावर महजाँगला एरर २२ आली. एरर ०२ असती तर पॉवर, ०७ असती तर उलटी बाजू, पण २१-२२ म्हणजे डिस्कची सुरुवातीची माहितीच नीट वाचता आली नाही. तिच्याकडे आता एकच मार्ग होता, स्पिंडल थोडा थोडा फिरवायचा, स्क्रू आवळायचा, डिस्क घालून बघायचं, परत. यात बराच वेळ गेला. मधे एरर बदलून २७ आली, म्हणजे सुरुवात वाचली गेली पण फाईलचा चेकसम जुळला नाही, तेव्हा मोटरचा वेग थोडा कमी-जास्त केला आणि महजाँग सुरू झाला.

ती खूश. मेसेज आला, "चाललं! आता झेल्डा?" आणि या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय माझ्या मते इथे झाला. एक डिस्क चालली म्हणजे ड्राइव्ह बरोबर जुळला असं नाही, तो त्या डिस्कशी जुळला एवढंच. ती डिस्क जर पूर्वी कधी कुणाच्या बिघडलेल्या ड्राइव्हवर लिहिली गेली असेल तर आपणही आपला ड्राइव्ह त्याच चुकीवर सेट केला. आणि असा ड्राइव्ह वाचतोय तोपर्यंत ठीक, पण त्याने सेव्ह लिहिला तर तो चुकलेल्या जागी लिहिणार, आणि मग ती डिस्क फक्त त्याच ड्राइव्हवर चालणार.

म्हणून खात्रीच्या डिस्क शोधायच्या होत्या. इथे डिस्कच्या हेडरमधली एक गोष्ट कामाला आली. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीच्या ब्लॉकमध्ये गेमचा कोड, बाजू, बनवल्याची तारीख यासोबत ती डिस्क रायटरवर किती वेळा पुन्हा लिहिली गेली त्याचा आकडाही असतो. शून्य असेल तर डिस्कवर फॅक्टरीत लिहिलेलाच गेम आहे. तिने एफडीएसस्टिक ड्राइव्हला केबलने जोडून कमी महत्त्वाच्या डिस्कचे डम्प, म्हणजे फाईलमधल्या पूर्ण कॉप्या, काढले, हेडर बघितले आणि शून्यवाल्या डिस्क वेगळ्या काढल्या. मग त्या सगळ्यांच्या दोन्ही बाजू एकाही एररशिवाय वाचल्या जाईपर्यंत स्पिंडल आणि वेग परत जुळवला. आधीच्या सेटिंगपेक्षा फरक थोडाच पडला, पण पडला.

हेडरमधल्या तारखा वाचणं हा एक वेगळाच आनंद आहे. वर्ष जपानी शोवा गणनेत असतं, त्यात १९२५ मिळवले की आपलं वर्ष, म्हणजे ६१ दिसलं तर १९८६. खोक्यात एक डिस्क अशी निघाली जिचं लेबल गोल्फचं होतं आणि आत दुसराच गेम, पुन्हा लिहिल्याचं वर्ष ६२. म्हणजे १९८७ मध्ये कुणीतरी गोल्फला कंटाळून ती दुकानात नेली होती आणि बहुतेक नवं लेबल चिकटवायचा आळस केला होता.

मग मेट्रॉइड, आणि शेवटी झेल्डा. दोन्ही आधी कन्सोलला न जोडता सरळ डम्प केल्या, प्रत्येक बाजू परत परत वाचून फाईली एकमेकींशी ताडून बघितल्या. त्यानंतरच कॉपीवरून गेम सुरू केला. झेल्डात तीन सेव्ह होते, त्यातल्या एकाच नावाने दुसरा क्वेस्टही, म्हणजे गेम संपल्यावरचा अवघड दुसरा फेराही, बराच खेळलेला. मेट्रॉइडमध्येही सेव्ह होता. जपानबाहेरच्या मेट्रॉइड कार्ट्रिजमध्ये सेव्ह नाही, पासवर्ड आहे, त्यामुळे तिथला खेळाडू असं काही मागे ठेवूच शकला नसता.

बुरशीच्या डिस्क तिने शेवटी घेतल्या. त्या साफ न करता ड्राइव्हमध्ये घातल्या तर बुरशी हेडवर येते आणि हेडवरून पुढच्या डिस्कवर. खिडकीतून पट्टी दिसते तिथे अल्कोहोल लावलेल्या मऊ बोळ्याने अलगद पुसायचं, मधला भाग बोटाने थोडा फिरवायचा, परत पुसायचं, दोन्ही बाजूंनी. प्रत्येक डिस्कनंतर हेडही पुसलं.

शेवटी काय झालं

बहुतेक डिस्क पूर्ण वाचल्या गेल्या. बुरशीच्या काहींची एक बाजू आली नाही, आणि एका डिस्कवर पुसताना पट्टीचा थरच निघून आला, तिच्यावर काही उरलं नाही. झेल्डा आणि मेट्रॉइडचे सेव्ह सुखरूप आहेत, मूळ डिस्कवरही आणि कॉपीतही.

ड्राइव्ह काही महिने मस्त चालला, मग एरर २७ परत यायला लागली. नवा बेल्ट वापराने थोडा सैल पडतो त्यामुळे वेग उतरतो, तो परत जुळवल्यावर ठीक झालं. रोज खेळायला ती एफडीएसस्टिक वापरते. ड्राइव्ह अधूनमधून फॅक्टरीवाल्या साध्या डिस्कवर चालवते, कारण तो सुर्रर्र आणि शेवटचा खटका तिला ऐकायचा असतो, आणि मला विचाराल तर जोडणी घेण्याला ते पुरेसं कारण आहे. ज्या डिस्कवर जुने सेव्ह आहेत त्या ड्राइव्हमध्ये परत जात नाहीत. त्यांची लिहायला मुभा देणारी प्लॅस्टिकची टॅब तोडून टाकू का असं तिने विचारलं होतं, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. मी नको म्हटलं, एकतर तुटलेली टॅब परत येत नाही आणि गेम सेव्ह करायला गेला की एरर ०३ देतो. कॉपी असताना मूळ वस्तू कशाला तोडायची.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट ती खूण. स्पिंडल काढायच्या आधी मार्करने एक रेघ मारली असती तर जुळवाजुळवीतला बराचसा वेळ वाचला असता. खरं तर बेल्ट बदलायला स्पिंडल काढायचीही गरज नसते, थोडी अडचणीत सफाई करावी लागते इतकंच. जुनी जागा बरोबरच होती असं नाही, पण सुरुवात करायला एक ठिकाण मिळालं असतं.

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी आहे आणि त्यावर आमचं अजूनही एकमत नाही. माझं म्हणणं असं की झेल्डा आणि मेट्रॉइड आधी ज्याच्याकडे नीट जुळवलेला ड्राइव्ह आहे त्याच्याकडून डम्प करून घ्यायला हव्या होत्या आणि मग आपल्या ड्राइव्हवर निवांत शिकायचं. स्वतः दुरुस्ती करायच्या निर्णयाची किंमत मी म्हणालो ती हीच, पहिल्यांदाच उघडलेल्या ड्राइव्हमध्ये एकमेव प्रत असलेली डिस्क घालावी लागली. क्रम नीट पाळला म्हणून निभावलं. तिचं म्हणणं असं की उघडी पट्टी असलेली डिस्क पोस्टाने पाठवणं हाही धोकाच आहे, वाटेत दाब, ओल, चुंबक काहीही, आणि अनोळखी माणसाचा ड्राइव्ह खरंच नीट आहे हे कसं कळणार. या मुद्द्यात दम आहे. जवळपास कुणी असेल आणि डिस्क स्वतः घेऊन जाता येत असेल तर माझा पर्याय बरा, नाहीतर तिचा.

तिसरं, बुरशीच्या डिस्क पहिल्या दिवशीच वेगळ्या डब्यात जायला हव्या होत्या, त्या बराच काळ बाकीच्यांसोबत एकाच खोक्यात होत्या. नंतर एका आधी स्वच्छ असलेल्या डिस्कवर ठिपका दिसला, तो तिथूनच आला की आधीपासून होता ते सांगता येणार नाही, सगळ्या डिस्कचे दोन्ही बाजूंचे फोटो सुरुवातीला काढले असते तर आलं असतं.

न वाचलेल्या बाजू तिने टाकून दिलेल्या नाहीत. दुसऱ्या एका ड्राइव्हवर, ज्याचं हेड कमी झिजलेलं आहे, त्या परत वाचून बघायच्या आहेत, आणि त्या ड्राइव्हचा बेल्ट बदलायच्या आधी स्पिंडलवर रेघ मारून झालेली आहे.